वाचक विचारतात : कॅप्टन मावशीची कागदपत्रे

प्रश्न : माझी मावशी १९७१च्या युद्धाच्या वेळी सैन्यात कॅप्टन होती. ती अविवाहित होती, गेल्या वर्षी वारली. ट्रंकेत काही पदके आणि गणवेशातला एक फोटो आहे. युद्धात तिने काय केले, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नाही. गोळीबार मैदानावरच्या लेखा कार्यालयात माहिती मिळेल का? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : तिथे नाही मिळणार. त्या कार्यालयात लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचे हिशेब चालतात. कोण कुठल्या आघाडीवर होते, हा त्यांचा विषय नव्हे.

आधी मावशी कुठल्या सेवेत होत्या ते ठरवा. १९७१ साली भूदलात स्त्रीला कॅप्टन होण्याचे मार्ग मोजकेच होते : डॉक्टर म्हणून वैद्यकीय किंवा दंत कोअर (म्हणजे सैन्याची शाखा), नाहीतर लष्करी परिचर्या (नर्सिंग) सेवा, म्हणजे एम.एन.एस. सिग्नल्स, आयुध, पुरवठा वगैरे शाखांची दारे उघडली ती १९९२ नंतर. त्यामुळे ‘मावशी रणगाड्यांबरोबर होती’ असे घरात कोणी सांगत असेल, तर त्या बहुधा तिथले जखमी ज्या रुग्णालयात येत तिथे होत्या. आणि ते काम हलके होते असे कोणी समजू नये.

आता पदके भिंगाखाली धरा. अस्सल पदकाच्या कडेवर किंवा मागे क्रमांक, हुद्दा आणि नाव असते. क्रमांकाआधी एन.आर. असेल तर परिचर्या सेवा; एम.आर. किंवा एम.एस. असेल तर वैद्यकीय कोअर. दोन्हीकडे कोरे असेल तर ते गणवेशावर लावायला बाजारातून घेतलेली पदकाची दुसरी प्रत असू शकते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. आणि कृपा करून ब्रासो लावू नका. चमक येते, पण अक्षरे झिजतात, आणि तुम्हाला हवी आहेत ती अक्षरेच.

मग पदकाचे नाव वाचा. ‘पूर्वी स्टार’ असेल तर बांगलादेशाकडची आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पंजाब-राजस्थान-काश्मीरकडची. नुसते ‘संग्राम मेडल’ असेल तर आघाडी सांगता येत नाही. ते फार मोठ्या प्रमाणावर दिले गेले.

पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, सापडतो का पाहा. बँकेच्या फायलीत तो हमखास असतो. त्यावर क्रमांक, हुद्दा आणि सेवेचा काळ असतो. यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करा : शुल्क १० रुपये, ऑनलाइनही भरता येते, मुदत ३० दिवसांची. अर्ज दिल्लीला सेना मुख्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे पाठवा. इथेच बहुतेकांची गाडी अडते : लोक लखनौच्या वैद्यकीय कोअर अभिलेख कार्यालयाला लिहितात, पण तिथे जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार, सुभेदार वगैरेंची) कागदपत्रे असतात, अधिकाऱ्यांची नाहीत. दुसरी अडचण नात्याची. भाचीला थेट वारस मानत नाहीत, म्हणून हयात भावंडाच्या सहीने अर्ज करा आणि मृत्यूचा दाखला जोडा. ‘सगळी माहिती द्या’ असे मोघम लिहू नका. ‘नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७२ मधील नेमणुकांची ठिकाणे’ असे नेमके मागा.

प्रश्न : आजी दुसऱ्या महायुद्धात ‘ज्युनिअर कमांडर’ होती. हा नौदलाचा हुद्दा का? (कोथरूड)

उत्तर : नाही. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया) या स्त्रियांच्या सहायक दलाचा. सबाल्टर्न, ज्युनिअर कमांडर, सीनिअर कमांडर असे तिथले हुद्दे होते. ज्युनिअर कमांडर म्हणजे साधारण कॅप्टनच्या तोडीचा. पदकांत ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ असेल तर भारतात तीन वर्षे बिगरयुद्ध सेवा झाली, असे धरा. ‘वॉर मेडल’ला मात्र २८ दिवसांची सेवा पुरत असे.

प्रश्न : मुलगी अल्पमुदतीच्या कमिशनवर आहे, दहावे वर्ष चालू आहे. चौदा वर्षांनी सोडले तर पेन्शन मिळेल का? (वानवडी)

उत्तर : अधिकाऱ्याला सेवापेन्शनसाठी २० वर्षांची पात्र सेवा लागते. १०+४ मध्ये, म्हणजे दहा आणि वाढीव चार वर्षांत, ती होत नाही, ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून कायम कमिशनचा पर्याय घाईने नाकारू नये. १७ फेब्रुवारी २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मार्ग स्त्रियांसाठी मोकळा केला. २५ मार्च २०२१च्या निकालात न्यायालयाने हेही नोंदवले की, या अधिकाऱ्यांचे जुने गोपनीय अहवाल त्यांचा कायम कमिशनसाठी विचार होईल असे गृहीत धरून लिहिलेच गेले नव्हते. तेव्हा सुरुवातीच्या वर्षांचे अहवाल आणि केलेले कोर्स यांकडे तिने आत्ताच लक्ष द्यावे.

सोडायचेच ठरले, तर मुक्ततेच्या वैद्यकीय मंडळापुढे प्रत्येक दुखापत नोंदवून घ्यावी. गुडघा, पाठ, कान. ‘किरकोळ आहे’ म्हणून वगळू नये. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाच्या पेन्शनला २० वर्षांची अट नाही, पण कागदावर नोंद नसेल तर पुढे सिद्ध करणे महाकठीण. उपचारांसाठी ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, सदस्यत्व २०१९ पासून अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांनाही खुले आहे. पुढच्या कागदांसाठी घोरपडीला, युद्धस्मारकासमोर, राज्याचे सैनिक कल्याण खाते आहे. माजी सैनिक ओळखपत्राची चौकशी मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.