मुलीच्या लंडनसाठी पीएफ काढू का?

वसईहून एका वडिलांचं पत्र आलंय. वय ५७, खाजगी नोकरी, निवृत्तीला ३ वर्षं. पीएफमध्ये ४५ लाख. मुलगी २५ वर्षांची, चर्चच्या क्वायरमधून (गायनवृंदातून) पुढे आलेली सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या सगळ्यात उंच स्त्री-आवाजाची गायिका. लंडनला गायनाच्या दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी तिची निवड झाली आहे, निम्मी फी माफ. तरी खर्च ७० लाख. निम्मे पीएफमधून काढावेत आणि निम्म्यांसाठी फ्लॅट गहाण ठेवावा का, असं ते विचारतात. ‘तीन वर्षांत ती कर्ज फेडेल. शिवाय मुलीच्या नावाने वर्षाला ३ लाखांची पॉलिसी आहेच, ती पाच वर्षांत दुप्पट होणार आहे.’

आधी पॉलिसीबद्दल, कारण तुम्ही ते विचारलेलंच नाही. सोबत पाठवलेला कागद मी वाचला. हप्ते १० वर्षं, पैसे १५व्या वर्षी. ३० लाख भरायचे आणि ४८ लाख घ्यायचे, म्हणजे परतावा जेमतेम साडेचार टक्के. पाच वर्षांत दुप्पट हे त्या कागदावर कुठेही नाही. ते बँकेतल्या माणसाने तोंडी सांगितलं. तुम्ही दोन हप्ते भरलेत. शेवटचा हप्ता येईल तेव्हा तुम्ही ६४ वर्षांचे असाल. पगार थांबल्यावर हे ३ लाख कुठून आणणार? आणि विमा कोणाचा, तर मुलीचा. घर तुमच्या पगारावर चालतं हो! तुमच्या वयाच्या माणसाला हे विकणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

तिसरा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी बंद केली तर हातात येणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे पैसे) लेखी मागवा. काही लाखांचं नुकसान होईल. ते सोसा, पुढचे २४ लाख वाचतात.

दुसरं, आरोग्य विमा. तुमचा आणि पत्नीचा फक्त कंपनीचा आहे, तो नोकरीबरोबर संपेल. तुम्हाला मधुमेह आहे. आधीपासूनच्या आजारांचा खर्च विमा लगेच देत नाही, ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांची असते. आज स्वतंत्र पॉलिसी घेतलीत तर निवृत्तीच्या सुमाराला ही प्रतीक्षा संपते. हे याच महिन्यात करा.

आता पीएफ. घरखर्च महिना ५० हजार, वर्षाला ६ लाख. हात लावला नाहीत तर साठीला साधारण ६० लाख होतील. व्याज महागाईत जातं असं धरा, म्हणजे १० वर्षांची सोय. ३५ लाख काढलेत तर जेमतेम अडीच वर्षांची. पत्नी तेव्हा ५९ वर्षांच्या असतील.

आणि मुलीची कमाई. ३५ लाखांच्या कर्जाचा १० वर्षांचा हप्तासुद्धा महिना ४५ हजारांच्या आसपास जातो. ऑपेरात (पाश्चात्त्य संगीत नाटकात) पगारी नोकरीशिवाय स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गायकाला बहुधा प्रयोगामागे मानधन मिळतं. घसा बसला, प्रयोग चुकला, की तेही नाही. त्यातून एजंटचं कमिशन, ऑडिशनचा प्रवास. सोप्रानोंची गर्दी सगळ्यात जास्त आणि आवाज पक्का व्हायला तिशी उजाडते. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य विद्यालयात शिकून मोठ्या झाल्या, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. पण एका उदाहरणावर घर गहाण ठेवू नका.

तिने गाणं सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. तिने जर्मनीच्या प्रवेश परीक्षा द्याव्यात. तिथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहे. राहण्याचा खर्च वर्षाला १२ हजार युरो धरा. दोन वर्षांचे २५ लाखांच्या आसपास. शिवाय तिथे सरकारी अनुदानावर चालणारी ८०च्या आसपास ऑपेरागृहं आहेत आणि त्यांच्या कायम संचातल्या गायकांना महिन्याचा पगार मिळतो. जर्मन शिकावंच लागेल, त्याला वर्ष जाईल. जाऊ दे, २५ हे सोप्रानोसाठी लहान वय आहे.

लंडनला प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का आणि फीमाफी टिकेल का, हे तिने आजच ईमेल करून विचारावं. कर्ज घ्यायचंच तर शैक्षणिक, तिच्या नावावर, २५ लाखांच्या आत. सहकर्जदार म्हणून सही तुमचीच लागेल आणि तिचे हप्ते थकले तर बँक तुमच्याकडे येईल. म्हणून तो आकडा वाढू देऊ नका. सरेंडरचा आकडा आला की मला कळवा.