बाप-लेकाला आधी पाणी शोधू दे

भाऊ, जग बुडाल्यावर नागपुरात उरलेल्या बाप-लेकाच्या कथेची तुझी कल्पना दमदार आहे, सोडू नकोस. फक्त जग कसं बुडालं हे सुरुवातीलाच सांगत बसलायस, ते काप. अणुबॉम्ब की रोगराई, याची वाचकाला घाई नसते. पोराच्या चपलेचा अंगठा तुटलाय, आता तो चालणार कसा, याची असते.

नागपूर निवडलंस ना, मग मे महिना वापर की! पारा 45 च्या वर, म्हणजे दोघं रात्रीच चालणार. पेंच धरणाचं पाणी शहरात आणायला पंप लागतात. वीज गेली की नळ कोरडे. उरलं काय? अंबाझरी आणि फुटाळा तलाव, महाल या जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्याची विहीर. पाणी उकळायचं तर जाळ हवा, आणि जाळ रात्री लांबून दिसतो. तुझं अख्खं प्रकरण इथंच आहे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बापाला सगळंच येतं. नको. विहिरीत उतरायची त्याला भीती वाटू दे.
- पोरगं भाषणं ठोकतं. सात वर्षांचं लेकरू "बाबा, भूक लागली" म्हणतं आणि अर्धं बिस्कीट गुपचूप खिशात ठेवतं.
- पानोपानी लुटारू. एकदाच आण, तेही उशिरा.

निवेदन कोणाचं, शेवट काय, ते नंतर बघू. आधी बर्डी (शहरातली सीताबर्डी) ते फुटाळा एवढी एकच रात्र लिहून पाठव.