स्वयंजुळणी, स्वयंजुळवणी की स्वयंसंघटन?

प्रश्न असा आहे: सिलिकाचे सूक्ष्म गोल द्रवात आपोआप रचले जाऊन स्फटिक बनतो, त्या 'सेल्फ-असेंब्ली'ला यांपैकी काय म्हणावं? आणि स्फटिकीकरण म्हणावं की स्फटिकीभवन?

माझं मत स्वयंजुळणीला. 'जुळवणे' प्रयोजक आहे, त्याला जुळवणारा लागतो. 'जुळणे' आपसूक घडतं. अक्षरजुळणीतही जुळारी असतोच, हा आक्षेप रास्त आहे; पण 'स्वयं' लागलं की जुळारी गळून पडतो. हाच भेद '-करण' आणि '-भवन' यांत आहे, म्हणून इथे स्फटिकीभवन.

इथे खरोखरच कुणी जुळवत नाही. एकमेकांना न ओढणारे, फक्त टणक असलेले गोल द्रवात घ्या. त्यांनी व्यापलेलं आकारमान 49.4 टक्क्यांच्या पुढे गेलं की स्फटिक दिसू लागतो; 54.5 टक्क्यांनंतर सगळंच स्फटिकरूप होऊ शकतं. रांगेत बसल्यावर प्रत्येक गोलाला हलायला उलट जास्त जागा मिळते, म्हणजे एन्ट्रॉपी (कणांच्या शक्य मांडण्यांचं माप) वाढते. मात्र 58 टक्क्यांच्या आसपास कण जागीच अडकतात आणि काचेसारखी अव्यवस्थित अवस्था उरते. गोलांच्या व्यासात 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर स्फटिक सहसा जमतच नाही.

मीठ जास्त पडलं तर कणांवरच्या विद्युतभाराचं प्रतिकर्षण झाकलं जातं आणि ते भेटतील तिथे चिकटतात. याला जुळणी म्हणू नये. रक्तासाठी आपण वापरतो तो 'साकळणे' इथे चपखल बसतो: कण एकत्र येतात, पण क्रम नसतो.

काचपट्टी कणमिश्रित इथेनॉलमध्ये उभी ठेवून द्रव उडू देतात, तेव्हा काय म्हणावं? पट्टीलगतच्या वक्र पृष्ठभागाकडे द्रव वाहतो, कण ओढून आणतो आणि थर चढतो. पट्टी माणूस ठेवतो, पण प्रत्येक कणाची जागा तो ठरवत नाही. म्हणून हीही स्वयंजुळणीच. कण अर्ध्या मायक्रॉनहून मोठे असले तर द्रव उडण्याआधी तळाशी बसतात आणि थर असमान होतो. वाळताना थर आकसतो, काच आकसत नाही, म्हणून भेगा पडतात. काचेवर आधीच खाचा कोरून रचना ठरवली असेल तर 'मार्गदर्शित जुळणी' म्हणावं.

'स्वयंसंघटन' वेगळ्या गोष्टीसाठी राखावा. खालून तापणाऱ्या द्रवाच्या पातळ थरात षट्कोनी घरं उमटतात. उष्णता थांबली की ती विरतात. स्फटिकाला असा ऊर्जेचा सततचा पुरवठा लागत नाही.

जाता जाता: 1861 साली टॉमस ग्रॅहम यांनी ग्रीक 'कोल्ला', म्हणजे सरस, यावरून कोलॉइड हा शब्द काढला, तो स्फटिकी पदार्थांहून वेगळा वर्ग दाखवायला. त्यांना 'कलिल स्फटिक' (कलिल म्हणजे कोलॉइड, द्रवात विखुरलेले असे सूक्ष्म कण) हा शब्दप्रयोग वदतोव्याघात वाटला असता. आपण तो खुशाल वापरावा.