तुझ्या नावावर कुठला आकडा असेल?

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. एमबीएचं पहिलं वर्ष संपलंय आणि पंधरा दिवसांत स्पेशलायझेशनचा फॉर्म भरायचाय. ऑपरेशन्स आणि फायनान्समध्ये मार्क चांगले आहेत, पण घरचे आणि सीनिअर्स म्हणतात एचआर (मनुष्यबळ विभाग) घे, मुलींना बरं पडतं. समर इंटर्नशिपला कारखान्यात होते, तिथल्या मॅनेजरनीही हेच सांगितलं. मला पुढे कधीतरी मोठी कंपनी नाहीतर बँक चालवायचीय. हॉस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून मी अशा बायकांची यादी चिकटवलीय. कुणाला सांगितलं की हसतात. यातल्या कितीजणींनी एचआर केलं होतं? आणि लग्न, मुलं झाल्यावर हे जमतं का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : हसणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस, पण ते का हसतात ते समजून घे. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांमध्ये बायका सीईओंचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं ते 2023 साली, तेही पहिल्यांदाच. लोकांनी हे चित्र पाहिलेलंच नाही, म्हणून हसतात.

आता यादी. अशा याद्यांत बाईंचं शेवटचं पद छापलेलं असतं. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं त्या रोज सकाळी कुठे जाऊन बसत होत्या, ते कुणी छापत नाही, आणि तुला हवंय ते नेमकं तेवढंच. म्हणून ती यादी खाली काढ आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिही : ही बाई पस्तिशीत काय करत होती?

मेरी बॅरा 2014 साली जनरल मोटर्सच्या प्रमुख झाल्या. त्याच कंपनीत 1980 साली, अठराव्या वर्षी, त्या शिकता शिकता गाड्यांचे मडगार्ड आणि बॉनेट तपासत होत्या. पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या आणि एक आख्खा असेंब्ली कारखाना त्यांनी चालवला. उर्सुला बर्न्स तर तुझ्यासारख्याच मेकॅनिकलच्या. त्याही 1980 सालीच झेरॉक्स या कॉपी-छपाई यंत्रांच्या कंपनीत समर इंटर्न म्हणून आल्या आणि 2009 साली त्या कंपनीच्या सीईओ झाल्या. मधल्या वर्षांत कंपनीचं उत्पादन त्यांच्या हाताखाली होतं. जेन फ्रेझर 2021 साली सिटीग्रुपच्या प्रमुख झाल्या, वॉल स्ट्रीटवरच्या बड्या बँकेच्या पहिल्या महिला प्रमुख. त्याआधी त्यांनी त्याच बँकेचा अतिश्रीमंत ग्राहकांसाठीचा ‘प्रायव्हेट बँक’ विभाग, मग गृहकर्जं, मग लॅटिन अमेरिकेतला सगळा कारभार सांभाळला होता.

पेन्सिलीच्या ओळी पुऱ्या झाल्या की एक गोष्ट दिसेल. यातल्या बहुतेकींच्या नावावर कुठला तरी आकडा होता. अमुक कारखान्याचं उत्पादन, तमुक प्रदेशातली विक्री, एवढं कर्जवाटप आणि त्यातली एवढी थकबाकी. आकडा चुकला की फोन त्यांना यायचा, आणि साधला की श्रेय त्यांच्या नावावर जमा व्हायचं. कंपनीच्या भाषेत याला नफा-तोट्याची जबाबदारी म्हणतात. संचालक मंडळ सीईओ निवडायला बसतं तेव्हा समोरच्या कागदावर पहिल्यांदा हेच शोधतं. एचआर, जनसंपर्क, विधी विभाग हे सगळे लागतातच, पण तिथल्या चांगल्या कामाचा आकडा सहसा दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात जातो. मुलींना ‘बरं पडतं’ म्हणून पाठवतात ते याच विभागांत, आणि मग वीस वर्षांनी ‘अनुभव नाही’ म्हणून वगळतातही यासाठीच.

एक कबुली देते. सुरुवातीची काही वर्षं मीही मुलींना हाच सल्ला देत होते. वेळ ठरलेली, फिरती कमी, माणसं सांभाळायची तुम्हाला सवय असतेच, वगैरे. पुढे त्याच मुली चाळिशीत माझ्याकडे आल्या, आपापल्या विभागाच्या प्रमुख होऊन, आणि पुढचा जिना कुठे आहे ते विचारू लागल्या. तेव्हा मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली.

तरी एचआरबद्दल ‘नाहीच’ असं मी म्हणणार नाही. लीना नायर 1992 साली हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागल्या, सगळी कारकीर्द एचआरमध्ये केली आणि जानेवारी 2022 मध्ये शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जागतिक सीईओ झाल्या. अशी उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. आणि नायर यांचीही सुरुवात कारखान्यांतून झाली, मुख्यालयाच्या थंड खोलीतून नव्हे. दुसरं असं, की मेरी बॅरांनीही दोन वर्षं एचआरचं प्रमुखपद सांभाळलं होतं. पण कधी? कारखाना चालवून झाल्यावर. सगळा फरक क्रमाचा आहे. शॉपफ्लोअरवरून, म्हणजे कारखान्यात यंत्रं चालतात तिथून, एचआरमध्ये जाता येतं. एचआरमधून शॉपफ्लोअरवर मात्र फारसं कुणी बोलावत नाही.

मला या सगळ्यांत सर्वांत शिकण्यासारख्या वाटतात त्या अ‍ॅन मल्केही. तुझ्या यादीत त्या बहुधा नसतील, कारण त्या कधीच निवृत्त झाल्या. इंग्रजी आणि पत्रकारिता शिकलेली ही बाई 1976 साली झेरॉक्समध्ये दारोदार यंत्रं विकायला लागली. पंधराएक वर्षं विक्रीत, मग एचआर. 2001 साली कंपनी बुडायच्या बेतात असताना त्यांना सीईओ केलं. डोक्यावर सतरा अब्ज डॉलरच्या वर कर्ज होतं, आणि दिवाळखोरी जाहीर करा असं सल्लागार सांगत होते. मल्केहींना ताळेबंद नीट वाचता येत नव्हता, आणि त्यांनी ते लपवलं नाही. ट्रेझरी, म्हणजे कंपनीचा पैसा सांभाळणाऱ्या विभागातल्या, आपल्यापेक्षा कितीतरी खालच्या हुद्द्यावरच्या एका माणसाला मास्तर केलं आणि येणी, देणी, कर्जाचे हप्ते पहिल्यापासून समजून घेतले. सीईओ! पुढे कंपनी सावरली, आणि 2009 साली त्यांनी सूत्रं दिली ती उर्सुला बर्न्स यांच्या हाती. तुझे फायनान्सचे मार्क चांगले आहेत म्हणतेस. त्यांना ज्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकवणी लावावी लागली ते तुला पंचविशीत येतंय, तर ते वाया घालवू नकोस.

यातच एक सावधगिरीही आहे. बायकांना मोठी खुर्ची मिळते ती पुष्कळदा घर पेटलेलं असताना. बॅरा जानेवारीत खुर्चीवर बसल्या आणि काही आठवड्यांत इग्निशन स्विचच्या (गाडी सुरू करायच्या किल्लीच्या जागेच्या) दोषामुळे गाड्या परत बोलवायची वेळ आली. शेवटी तो आकडा सव्वीस लाखांवर गेला. दोष आधीचा, पण एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यायला त्याच उभ्या होत्या. मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅसलम या संशोधकांनी 2005 साली याला ‘काचेचा कडा’ (ग्लास क्लिफ) असं नाव दिलं : उंच जागा, पण कोसळायचा धोका मोठा. तुला हे अजून लांबचं आहे. पण पहिल्या बढतीतही कुणी रखडलेलं काम ‘तूच करू शकतेस’ म्हणत गळ्यात घालायला आलं, तर माणसं किती देणार आणि मुदत किती, हे आधी विचार. घेऊ नकोस असं म्हणत नाही. अशाच कामातून नाव होतं.

बँकेत जायचं असेल तर शिक्षणाच्या शाखेची फार धास्ती नको. अरुंधती भट्टाचार्य इंग्रजी साहित्याच्या. 1977 साली स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि 2013 साली तिच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. मधल्या काळात परकीय चलन, ट्रेझरी, किरकोळ बँकिंग, एचआर असं सगळीकडे फिरल्या. बँकेत बदली नाकारत गेलं की एकेक दार बंद होत जातं, एवढं लक्षात ठेव. स्पेनच्या सान्तान्देर बँकेच्या अ‍ॅना बोतीन किंवा अमेरिकेतल्या फिडेलिटी या गुंतवणूक कंपनीच्या अ‍ॅबिगेल जॉन्सन यांची नावं यादीत असतील तर त्यांच्यापुढे पेन्सिल चालवू नकोस. कर्तबगार आहेत, पण घरचीच बँक, घरचीच कंपनी. तो रस्ता तुझा नाही.

लग्न आणि मुलांचं. जमतं का याला एकच उत्तर नाही, पण जमवलेल्यांनी ते कसं जमवलं हे सांगता येतं. जेन फ्रेझर मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत भागीदार असताना, मुलं लहान म्हणून काही वर्षं अर्धवेळ काम करत होत्या. भट्टाचार्यांच्या काळात स्टेट बँकेने महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी किंवा घरच्या आजारी माणसांसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परत यायची सोय केली. दोन्हीकडे परतीची वाट उघडी राहिली. म्हणून रजा किती यापेक्षा परत आल्यावर कुठला रोल मिळतो, हे त्या कंपनीत आधीच परत आलेल्या बायकांनाच विचार. आणि जे मूल अजून जन्मालाही आलेलं नाही त्याच्यासाठी आत्ताच सोपी खुर्ची शोधत बसू नकोस.

फॉर्मवर ऑपरेशन्स लिही आणि जोडीला फायनान्सचे पेपर घे. एचआरचा एखादा ऐच्छिक विषय मिळत असेल तर तोही घे, उपयोगी पडतो. प्लेसमेंटच्या मुलाखतीत पगाराआधी एक प्रश्न विचार : “या रोलच्या नावावर कुठला आकडा असतो?” समोरचा चटकन उत्तर देऊ शकला नाही, तर ऑफर लेटरवरचं पद कितीही भारदस्त असो, दुसऱ्या कंपनीच्या खोलीबाहेर रांगेत उभी राहा.

आणि त्या मॅनेजरना, जमलं तर, फोन करून विचार की त्यांनी स्वतः सुरुवात कुठून केली. उत्तर काय मिळालं ते मला कळव.