नव्या शेतघरावरचा पहिला फाल्गुन
माघ सरत आला की आधी बांधावरची काटेसावर आणि पांगारा बघा. अंगावर पान नाही म्हणून 'वाळलंय, तोडा' असं कुणीतरी सांगेलच, ऐकू नका. ऊन चढायच्या आत झाडाखाली थांबा. फुलांतल्या मधासाठी साळुंक्या, कोतवाल, शिंजीर आणि नशीब असेल तर भोरड्यांचा थवा, नुसता गोंधळ असतो. तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकाल, पण हिरवा असल्यानं तो पानांत पटकन दिसत नाही. निष्पर्ण शेंड्यावर शोधा. आंब्याचा मोहोर फुलला असताना फवारणी टाळा, माश्यांना बिनधास्त घोंगावू द्या, फळधारणा बरीचशी त्यांच्याच हाती. पाचोळा जाळू नका, झाडांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत पसरा. कुसुंबाची लाल पालवी लांबून फुलंच वाटते, म्हणून जवळ जाऊन बघाच.