बेखमीर ब्रेड, सोडापाव की ताकातला पाव?

कराडहून एका ताईंनी विचारलंय. त्या बचत गटातल्या बायकांना घरगुती बेकिंग शिकवतात, त्यात यीस्ट न घालता, खायचा सोडा आणि ताक वापरून तासाभरात होणारा ब्रेड असतो, आता त्याची कृती मराठीत छापून वाटायचीय तर वर नाव काय लिहू? त्यांनी स्वतः तीन नावं सुचवलीत, बेखमीर ब्रेड, सोडापाव आणि बिनयीस्टचा ब्रेड. शिवाय यीस्टच नाही तर त्याला पाव म्हटलेलं चालतं का, हीपण शंका आहे, आणि सोबत कृतीचा कच्चा मजकूरही पाठवलाय.

ताई, मी असतो तर वर मोठ्या अक्षरात 'ताकातला पाव' लिहिलं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'बिनयीस्टचा, झटपट'. का ते सांगतो, थोडं लांबेल, पण तुम्ही विचारलंय त्यात खरंच खूप काही दडलंय.

आधी पाव. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या भाषेत तो नाकातून 'पांव' असा बोलतात, त्याच्या मागं जाल तर लॅटिनमधला 'पानिस'. बटाटा, चावी, बादली, पगार ज्या वाटेनं आपल्याकडं आले त्याच वाटेनं हा आला. पीठ पायानं तुडवायचे म्हणून पाव, लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, असं अजून लोक ठासून सांगतात, पण त्यात तथ्य नाही. पावशेरातला पाव संस्कृत 'पाद'वरून आलाय आणि देव पावतो तो पाव आणखी तिसराच. पोर्तुगीजमध्ये पांव म्हणजे नुसता ब्रेड, कुठलाही, यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या न फुगलेल्या भाकरीलापण ते पांवच म्हणतात, पुढं एक विशेषण लावतात इतकंच. आणि गोव्यात पाव भाजायला लागले तेव्हा यीस्टची पुडी कुठली आलीय, माडाची ताडी, तिकडं तिला सूर म्हणतात, ती घालून पीठ फुगवायचे. म्हणजे पाव या शब्दात यीस्ट कधीच बांधलेलं नव्हतं, तेव्हा बिनधास्त पाव म्हणा.

आता पाव म्हणायचं की ब्रेड, तर आपल्या भागात हा फरक आकाराचा आणि खायच्या पद्धतीचा आहे. सांगलीत बेकरीवर 'एक लादी द्या' म्हटलं की पाव हातात येतो आणि 'ब्रेड द्या' म्हटलं की कापलेल्या स्लाइसचा पुडा, तिकडं कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस येतात तेव्हा कुणी त्याला पाव म्हणत नाही. तुमचा पदार्थ गोल, जाड, वर सुरीनं फुली मारलेला, आणि फुलीवरनं हातानं तोडून खायचा, म्हणजे पावाच्याच जवळचा. एक गंमत जाता जाता सांगतो, हा ब्रेड ज्या आयर्लंडमधून जगभर माहीत झाला, त्याच्या उत्तर भागात हेच पीठ गोल थापून, चार तुकडे करून तव्यावर भाजतात आणि त्या तुकड्याला 'फार्ल' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ चौथा हिस्सा. पाव या शब्दाला चौथाई उगाच चिकटवली गेली आणि तिकडं ती खरोखरच निघाली.

'बेखमीर'बद्दल मात्र माझं ठाम मत आहे, तो शब्द इथं नको. शब्द वाईट म्हणून नव्हे, उलट फार सुंदर आणि नेमका शब्द आहे, म्हणूनच नको. खमीर अरबी, फारसीमार्गे आपल्याकडं आला, दारूसाठीचा 'खम्र' त्याच धातूतला. मराठीत बेखमीर आज जिवंत आहे तो मुख्यतः ख्रिस्ती समाजात, मराठी बायबलमध्ये 'बेखमीर भाकर' असा शब्द आहे, मिरज-सांगलीकडं मिशनची जुनी चर्च आहेत, तिथं वाढलेल्या माणसाच्या तो लहानपणापासून कानावरचा. त्यामागची गोष्ट अशी की इस्राएली लोकांना मिसर म्हणजे इजिप्त देशातून घाईनं निघावं लागलं, भिजवलेलं पीठ फुगायला वेळच मिळाला नाही, तसंच भाजून घेतलं, त्याची आठवण म्हणून वल्हांडणाला ती चपटी भाकर. म्हणजे बेखमीर म्हणजे जी फुगलीच नाही ती. तुमचा पाव तर चांगला फुगतो! मिरजेतल्या एखाद्या बाईनं वर 'बेखमीर' वाचलं तर तिच्या डोळ्यासमोर पातळ, चपटी, सणाची भाकर येणार आणि पुढं 'गोळा दुप्पट फुगेपर्यंत भाजा' वाचून ती गोंधळणार.

आणि आपल्या कानाला 'बेखमीर भाकर' मुळातच जरा दुहेरी वाटतं. शाळूची भाकरी कुठं खमीर घालून करतात? पीठ, गरम पाणी, थापली, तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं, उलटली, जाळावर टम्म फुगली. फुगली, पण आंबली नाही. तुमच्या प्रश्नाची किल्ली मला इथंच दिसते.

मराठीत आंबणं आणि फुगणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि आपण ती स्वयंपाकघरात अगदी नीट वेगळी वापरतो, फक्त लक्षात येत नाही. आंबणं हे चवीचं आणि वेळेचं, आंबट-आंबील-आंबोळी हे सगळं गणगोत, मागं संस्कृत अम्ल. फुगणं हे आकाराचं. भाकरी वाफेनं फुगते, पुरी वाफेनं फुगते, इडलीचं पीठ रात्रभर आंबतं आणि मग फुगून भांड्याबाहेर येतं, बेकरीचा पाव यीस्टनं फुगतो, भजी चिमूटभर सोड्यानं फुगतात. इडलीत दोन्ही एकत्र होतं म्हणून आपल्याला वाटतं फुगायचं असेल तर आधी आंबायला पाहिजे, तसं काही नाही. यीस्टला शाळेच्या पुस्तकात 'किण्व' म्हणतात आणि आंबण्याला 'किण्वन', शब्द जुना आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारू गाळायच्या संदर्भात किण्व येतं, पण बचत गटाच्या कागदावर 'किण्वविरहित पाव' लिहिलं तर कुणी करणारच नाही, त्यामुळं तो सोडून देऊ.

तर तुमच्या ब्रेडचं पीठ आंबवलेलं नाही, पण आंबवलेलं असं त्यात एक आहे, ते म्हणजे ताक. दुधाला विरजण लावलं तेव्हाच जंतूंनी आपलं काम करून ठेवलंय, दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल झालंय, तो आंबटपणा सोड्याला भेटला की लगेच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. म्हणजे आंबवायचं काम आदल्या रात्री दह्याच्या भांड्यात झालेलं असतं आणि आपण सकाळी फक्त त्याचा उपयोग करतो. नुसता सोडा कोमट पाण्यात घातला तर जेमतेम काहीतरी होतं, आंबट ताकात घाला, कसं फसफसतं बघा. म्हणून नावात ताक असणं मला खरं वाटतं.

मराठीची नाव ठेवायची पद्धतपण हीच आहे. ताकातली उकड, पाकातल्या पुऱ्या, दुधातल्या दशम्या. '-तला' लावला की ऐकणाऱ्याला कळतं की हा पदार्थ कशात भिजवलाय, कशात शिजवलाय. दशमी तर अगदी शेजारची, पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली एवढ्यावरनं तिला वेगळं नाव आणि वेगळा मान मिळाला, प्रवासाला न्यायची ती दशमीच. ताकात भिजवलेला तो ताकातला पाव, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

'सोडापाव' जोडून लिहू नका, ती अडचण वेगळीच आहे. वडापाव, भजीपाव, मिसळपाव, समोसापाव, आपल्याकडं खायच्या वस्तूपुढं पाव जोडला की अर्थ होतो 'ते आणि त्याच्याबरोबर पाव'. लादीपाव, बनपाव हे प्रकार सांगतात ते खरं, पण लादी आणि बन काही पावाबरोबर तोंडी लावायच्या वस्तू नव्हेत. सोडापाव वाचून गाड्यावरचा नवा पदार्थ वाटेल. 'सोड्याचा पाव' व्याकरणानं बरा आहे, पण कोकणातल्या माणसाला सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी, त्याला सोड्याचं कालवण आठवणार, आणि आपल्याकडच्या माणसाला सोडा म्हटलं की पोट बिघडेल अशी उगाच धास्ती.

'बिनयीस्टचा' मला आवडतो, पण दुसऱ्या नंबरला. बिन- कुठल्याही शब्दाला लागतं, बिनसाखरेचा चहा, बिनअंड्याचा केक, बिनभाड्याची खोली, इंग्रजी शब्दालापण सहज. बे- फारसीकडचं, ते बहुतेक त्याच्याच गोतातल्या अरबी-फारसी शब्दांना लागतं, बेफिकीर, बेइमान, बेखबर, बेचव-बेसूर असे चव आणि सुराला लागलेले मोजके सोडले तर मराठी-संस्कृत शब्दांकडं ते फारसं वळत नाही, 'बेयीस्ट' तर कुणाच्या तोंडात येणारच नाही. मात्र बिन- लावून नाव ठेवायला कारण लागतं, म्हणजे जी वस्तू नाही तिची कुणीतरी चौकशी करणार असेल तर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली ती त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून, तिच्या घरात 'बिनयीस्टचा' हाच शब्द पहिला आला असता. तुमच्या वर्गातही कुणाला यीस्ट चालत नसेल, किंवा यीस्ट गावात मिळतच नसेल, तर तिला हा शब्द लगेच दिसायला हवा. म्हणून खाली ठेवा, पण ठेवा.

रोडगा, पानगा, रोट या नावांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवणारच. रोडगा फार जुना शब्द, एकनाथांच्या भारुडात भवानीआईला रोडगा वाहायचा नवस आहे, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा असतोच, तुमच्या कराडजवळ पालीला खंडोबाचं एवढं मोठं ठाणं, तिथल्या बायकांना रोडगा काय हे सांगायला नको. पण रोडगा गोवरीच्या आरात भाजतात, घट्ट आणि जड, त्याला देवाचा संबंध, ते नाव ताकातल्या हलक्या पावाला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता नावाइतकीच महत्त्वाची गोष्ट, कृतीतली क्रियापदं. तुमच्या कच्च्या मजकुरात 'पीठ चांगले मळून घ्या' असं आलंय ते आधी काढा. मराठीत पिठाला हात लावायचे किती प्रकार, कालवणं, भिजवणं, मळणं, तिंबणं, आणि प्रत्येकात हाताचा जोर वेगळा. तिंबणं म्हणजे पुरणपोळीच्या कणकेसारखं आपटून, पाणी-तेल लावून, तार येईपर्यंत, एखाद्याला बेदम मारलं तर 'कणीक तिंबली' म्हणतात ते उगाच नाही. त्या मारानं गव्हातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनाची जाळी घट्ट होते, यीस्टला ती हवी असते कारण त्याचा वायू तासन्‌तास हळूहळू सुटतो आणि तो धरून ठेवायला पीठ चिवट लागतं. सोड्याचा वायू सुटतो मिनिटांत, त्याला चिवट पीठ नको, म्हणून इथं फक्त 'कालवा' लिहा. सव्वादोनशे ग्रॅम कणीक, अर्धा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ, सगळं कोरडंच चाळून, मध्ये खळगा करून पावणेदोनशे ते दोनशे मिली दाट आंबट ताक ओतायचं, बोटं पसरून दोन-चार वेळा फिरवायची, पीठ एकत्र आलं की थांबायचं, गोळा ओबडधोबड दिसला तरी हात आवरायचा. फुली खोल मारायची म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही, आणि लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये, दोनशे डिग्रीला पस्तीस-चाळीस मिनिटं. 'पीठ झाकून ठेवा' हे वाक्य कुठंही येऊ देऊ नका, यीस्टच्या कृतीतनं ते चुकून येतं आणि तेवढ्यात वायू निघून जातो. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई झाकून, आयर्लंडमध्येपण हा ब्रेड झाकणाच्या लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवूनच भाजायचे, आपल्याकडं जुन्या बायका वर-खाली निखारे ठेवायच्या तसंच. तिथला गहू मऊ, कमी ग्लुटेनचा, त्याला यीस्टपेक्षा सोडा जास्त मानवला. आपल्या भागात हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, आणतात तो खपली गहूपण असाच, त्याचं ग्लुटेन कमजोर, त्याच्या पिठाची लादी उंच फुगणं अवघड, पण ताकातल्या पावाला ते छान जमतं.

झाला की नाही हे सांगायला 'बुडावर बोटानं टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे' एवढं पुरतं. आतल्या भोकाभोकांना 'जाळी' म्हणा, ढोकळ्याला, आंबोळीला आपण जाळी पडली असंच म्हणतो, 'सच्छिद्र पोत' कशाला. आत गच्च राहिला तर 'पाव बसला'. ताक गोडसर असेल किंवा सोडा जास्त पडला तर पाव पिवळट होतो आणि तोंडात साबणासारखी चव येते, त्याला भज्यांपासनं चालत आलेला शब्द तयारच आहे, 'सोडा लागतोय'. चूक आणि तिचं कारण दोन शब्दांत.

राहिलं एक, साहित्यात नुसतं 'सोडा' लिहू नका, 'खायचा सोडा' असंच लिहा. किराणा दुकानात धुण्याचा सोडापण असतो आणि तो वेगळा पदार्थ आहे, खायचा तो सोडियम बायकार्बोनेट आणि धुण्याचा सोडियम कार्बोनेट. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल आधीच घातलेलं असतं म्हणून ती दुधातपण चालते, त्या कृतीला मग 'ताकातला' म्हणता येणार नाही, तिथं 'दुधातला पाव, बिनयीस्टचा' लिहा.