जळगावात काळ्या मातीत, कमी पाण्यावर शोभेची गवतं आणि बारमाही झाडं कोणती लावावीत?

तुम्ही लिहिलंय की प्लॉट काळ्या मातीचा आहे, नळाला रोज पाणी येत नाही आणि लव्हेंडर, रोजमेरी, पॅम्पास गवत लावायचा विचार आहे. ही यादी आधी बाजूला ठेवा भाऊ.

लव्हेंडरला आपला उन्हाळा सोसवत नाहीच, पण त्यातून वाचलं तरी पावसाळ्यात जातं. काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून सगळ्या भेगा मिटवते. मग मुळाशी पाणी साचून राहतं. पुस्तकात ज्याला 'कमी पाण्याचं झाड' म्हणतात त्याला नेमकं हेच चालत नाही. आपल्याला 45 अंशांचं ऊन आणि श्रावणातला चिखल, दोन्ही काढणारं झाड हवं.

अशात पहिला मान वाळ्याचा. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, त्यामुळे एकदा लागला की उन्हाळ्यात फारसं मागत नाही, आणि पाणी तुंबलं तरी कुजत नाही. कुंपणाच्या कडेला, छताचं पाणी पडतं त्या सखल जागेत एक ओळ लावा. माणसाच्या उंचीचा होतो, शेळ्याही फार नादी लागत नाहीत.

दुसरं रोशा गवत. सातपुड्याच्या उतारावर वाढणारं, खानदेशात एकेकाळी याचं तेल काढायचे. पावसाळा सरताना तांबूस तुरे येतात, नर्सरीतल्या कुठल्याही महागड्या गवतापेक्षा देखणे. फक्त याला निचरा हवा, म्हणून मुरूम आणि शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा करा. कुसळीही सुंदर दिसते, पण तिची कुसळं कपड्यांत आणि कुत्र्याच्या केसांत घुसतात. घरात लहान मुलं असतील तर नकोच. फाऊंटन ग्रास आणि पॅम्पासचं बी वाऱ्यावर उडतं. शेजारी कुणाचं शेत असेल तर उगाच भांडण कशाला.

लव्हेंडरचा निळसर जांभळा रंगच हवा असेल तर निर्गुडी लावा. फांदी खोचली तरी येते आणि ओढ्याकाठची असल्याने ओल तिला नवी नाही. जोडीला हिवाळ्यात फुलणारी पिवळी कोरांटी, तरवड आणि शतावरी. रेन लिलीचे कंद उन्हाळ्यात नुसते पडून राहतात आणि पहिल्या पावसानंतर फुलतात. लॉन सोडाच. हरळी आपोआप येईल, तीच कापत राहा. शेतकरी तिला शिव्या घालतो, पण अंगणात ती शोभते.

पहिलं वर्ष पाणी द्यावंच लागेल. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोलवर द्या, ठिबक असेल तर उत्तमच. माती उघडी ठेवू नका. केळीची वाळलेली पानं कुणीही फुकट देईल, ती जाड पसरा म्हणजे भेगाही कमी पडतात. फक्त भिंतीपासून हातभर लांब, नाहीतर वाळवी लागते. वाळलेलं गवत मे अखेरीस वीतभर ठेवून कापा. तोवर बाग पिवळीच दिसेल, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

लागवड मृगाचा पाऊस नीट झाल्यावर. नर्सरीवाला मार्चमध्येच रोपं गळ्यात मारायला बघेल, तेव्हा घेऊ नका.